बिनमहत्त्वाच्या बोलण्याचा परवाना

१

१९२७ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओ-तार परिषदेने जे नियम संमत केले, त्यांत हौशी बिनतारी केंद्रांविषयी एक छोटे कलम आहे. दोन देशांतील हौशी केंद्रांना एकमेकांशी बोलण्याची मुभा असलीच, तर त्यांनी उघड भाषेत बोलावे. आपल्या प्रयोगांविषयी बोलावे. आणि त्याखेरीज काही खासगी बोलायचेच झाले, तर ते इतके बिनमहत्त्वाचे असावे की त्यासाठी सार्वजनिक तारसेवेकडे जाण्याचे कारण पडू नये, असा त्या कलमाचा आशय आहे. हे नियम १ जानेवारी १९२९ पासून अमलात आले. शब्दांत थोडाफार फरक होत गेला, पण बिनमहत्त्वाची ही अट २००३ सालापर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षे टिकली.

माणसाने काय बोलू नये हे सांगणारे कायदे आपल्या परिचयाचे आहेत. साहित्याच्या अभ्यासकांना तर त्यांचा इतिहास पाठच असतो. परंतु बोलण्यास परवानगी द्यायची आणि ती देताना बोलणे क्षुल्लकच असले पाहिजे अशी अट घालायची, हा प्रकार वेगळा आहे. निर्बंधाने मूल्यवान ठरलेले शब्द लोक जपून ठेवतात. निषिद्ध पुस्तकाच्या हस्तलिखित प्रती फिरतात. कायद्यानेच क्षुल्लक ठरवलेले बोलणे मात्र कोण जपणार? हौशी रेडिओच्या इतिहासाकडे, आणि विशेषतः अमरावती-अकोल्याकडच्या त्याच्या संदर्भांकडे, ह्या प्रश्नाच्या बाजूने पाहावे असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. सरकारची परीक्षा देऊन, परवाना व संकेतनाम मिळवून, स्वतःच्या घरातील प्रक्षेपकावरून जगातील तशाच दुसऱ्या परवानाधारकाशी विनामोबदला संपर्क साधणे म्हणजे हौशी रेडिओ. बोलीत त्याला 'हॅम' म्हणतात. आकाशवाणीत एक बोलतो आणि लाखो ऐकतात. येथे ऐकणारा प्रत्येक जण उलट बोलू शकतो, आणि हा फरक पुढील सर्व विवेचनात महत्त्वाचा आहे.

२

वरील कलम कोणाच्या हितासाठी होते हे समजून घ्यायला वऱ्हाडचे उदाहरण उपयोगी पडते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचे दिवस पालटले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ ते नागपूर हा मार्ग १८६७ साली पुरा झाला. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही त्यावरचीच स्थानके. रुळांसोबत तारेचे खांब आले, आणि अकोल्या-अमरावतीच्या अडत्यांना मुंबईचा व मुंबईमार्गे लिव्हरपूलचा भाव तारेने कळू लागला. शेतकरी गाडी जुंपून बाजारात पोचण्याआधी भाव पोचलेला असे. वऱ्हाडात 'दूरचे बोलणे' प्रथम आले ते असे: मोजके, किमती, आणि शब्दागणिक पैसे घेणारे.

घरगुती व्यवहारातही तारेने हेच वळण लावले. 'तार आली' एवढ्या दोन शब्दांनी घरात रडारड सुरू व्हावी, असा तिचा दरारा होता, कारण मृत्यू, गंभीर आजार, नोकरीचा हुकूम ह्यांखेरीज तार करणे कोणाला परवडत नसे. तारेने महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे अशी बोलण्याची सरळ विभागणी केली. महत्त्वाचे ते तारमास्तरकडे जाई; बाकीचे पोस्टकार्डावर, किंवा कोणी माणूस त्या गावी जाणार असेल तर त्याच्या तोंडी.

१९२७च्या कलमाने ह्याच विभागणीला कायद्याचे रूप दिले. हौशी मंडळी फुकट बोलत होती. ती महत्त्वाचे बोलू लागली असती तर तारखात्याचे उत्पन्न बुडाले असते, आणि राज्यकर्त्यांना नको असलेली माहिती त्यांच्या नजरेआड पसरली असती. म्हणून त्यांना उरलेले बोलणे देण्यात आले: हवा कशी आहे, एरियल किती उंच आहे, आवाज कसा ऐकू येतो, घरी सगळे ठीक ना.

३

हिंदुस्थानातील पहिले हौशी केंद्र १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी चालवले असे मानले जाते. त्याच सुमारास मुकुल बोस यांनीही केंद्र सुरू केले. १९२९ पासून भारतीय केंद्रांच्या संकेतनामांची सुरुवात 'व्हीयू' ह्या दोन अक्षरांनी होऊ लागली आणि ती आजतागायत चालू आहे. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत परवानाधारकांची संख्या पन्नासही भरत नव्हती, आणि त्यांतही बहुतेक लष्करातील इंग्रज अधिकारी होते. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच नवे परवाने बंद झाले, आणि असलेल्या परवानाधारकांना प्रक्षेपक पोलिसांच्या हवाली करण्याचे लेखी हुकूम गेले. क्षुल्लक बोलण्याचीही मुभा संपली.

ह्या पार्श्वभूमीवर १९४२चा काँग्रेस रेडिओ पाहिला पाहिजे. ऑगस्टच्या अखेरीपासून १२ नोव्हेंबरपर्यंत मुंबईत जागा बदलत बदलत चाललेले हे गुप्त केंद्र आता चित्रपटामुळेही सर्वपरिचित झाले आहे. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. बाबूभाई खाखर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी, ध्वनिवर्धकांच्या व्यवसायातील नानक मोटवाने हे ह्या प्रकरणातील इतर आरोपी, आणि राममनोहर लोहिया यांचे मार्गदर्शन. केंद्राचे तंत्र मात्र हौशी मंडळींच्या हातचे होते. प्रक्षेपक उभारणारे नरिमन प्रिंटर हे जुने परवानाधारक हौशी. त्याआधीही सरकारविरोधी प्रक्षेपणाचा प्रयत्न त्यांनी केला होता आणि त्यासाठी अटक भोगली होती.

ह्या केंद्राची जाहीर केलेली तरंगलांबी ४२.३४ मीटर होती. ३०० ह्या संख्येला तिने भागले की वारंवारता मिळते: सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. आंतरराष्ट्रीय नियमांनी हौशी केंद्रांना नेमून दिलेल्या पट्ट्यांपैकी '४० मीटर' म्हणून ओळखला जाणारा पट्टा ७ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. म्हणजे काँग्रेस रेडिओ बोलला तो हौशी मंडळींच्याच गल्लीतून. ज्या पट्ट्यावर केवळ बिनमहत्त्वाचे बोलावे असा जगाचा नियम होता, त्या पट्ट्यावरून त्या वर्षी देशातील सर्वांत महत्त्वाचे बोलणे झाले.

ह्या बोलण्यात आपल्या भागाचे काय होते? १६ ऑगस्ट १९४२ रोजी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे उठाव झाले. नंतर चिमूरवर लष्कर आणि पोलीस यांनी जे अत्याचार केले ते सर्वश्रुत आहेत. वर्धा नदी ही वऱ्हाड आणि मध्य प्रांत यांची जुनी सीमा, आणि आष्टी तिच्या पैलतीराकडचे गाव. अलीकडे, अमरावती जिल्ह्यात, यावली आणि बेनोडा ही गावे आज आपल्या नावापुढे 'शहीद' लावतात ती त्या ऑगस्टमुळेच. यावली हे तुकडोजी महाराजांचे जन्मगाव. त्यांच्या भजनांनी चिमूर भारले गेले होते असे सरकारचे मत होते, आणि २८ ऑगस्टला चंद्रपूर येथे त्यांना अटक झाली.

चिमूरची हकिकत छापण्यावर निर्बंध आले. प्रा. जयकृष्ण भणसाळी यांनी दिल्लीस जाऊन व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील यवतमाळचे बापूजी अणे यांच्या दारी चौकशीची मागणी केली. ती निष्फळ ठरल्यावर ११ नोव्हेंबरपासून त्यांचे ६३ दिवसांचे उपोषण सुरू झाले, आणि त्याचीही वार्ता देण्यास वृत्तपत्रांना बंदी झाली. वृत्तपत्रांना जे मिटल्या ओठांनी पाहावे लागत होते, ते सांगण्याचे काम काँग्रेस रेडिओने केले. चिमूर-आष्टीच्या अत्याचारांचे सविस्तर वर्णन आपण प्रक्षेपित केले, असे उषा मेहतांनी नंतर नोंदवून ठेवले आहे. उपोषण सुरू झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबरला, पोलिसांनी केंद्रावर छापा घातला. प्रिंटर आधीच पोलिसांच्या हाती लागले होते आणि ठिकाण त्यांच्याकडूनच कळले. पुढे खटल्यात ते आरोपींत नव्हते. माफीचे साक्षीदार होते. १९४३च्या निकालात खाखरांना पाच, उषा मेहतांना चार आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने सुटले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. त्या प्रक्षेपणांचा मजकूर आज आपल्याला वाचायला मिळतो, पुस्तकांतून छापलेला मिळतो. तो कोणी जपला? पोलिसांनी. त्यांची माणसे रोज रात्री संच लावून बसत, ऐकत आणि उतरवून घेत. तोच मजकूर पुढे पुरावा म्हणून न्यायालयात आला. ज्यांच्यासाठी ते शब्द बोलले गेले, त्यांनी ते ऐकले आणि ते वाऱ्यावर गेले. ज्यांच्याविरुद्ध बोलले गेले, त्यांनी ते लिहून ठेवले. शत्रूने केलेली प्रत ही ह्या संहितेची एकमेव आधारप्रत म्हणावी लागते. पाठचिकित्सेच्या वर्गात हे उदाहरण शिकवायला हरकत नाही.

४

महायुद्धानंतर परवाने पुन्हा सुरू झाले. १५ मे १९४८ रोजी महू येथील लष्कराच्या सिग्नल्स शाळेत 'अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया' स्थापन झाला, आणि तोच पुढे दिल्लीस जाऊन 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' झाला. तेव्हा देशभरात पन्नासच्या आसपास परवानाधारक होते. राज्य बदलले, पण नियमांचा सूर तोच राहिला. व्यापार नको, जाहिरात नको, करमणुकीचे प्रक्षेपण नको, तिसऱ्या माणसाचे निरोप नकोत, गुप्तलिपी नको. परीक्षेत विद्युत्शास्त्र, नियम आणि मोर्स: खालच्या श्रेणीसाठी मिनिटाला पाच शब्द, वरच्यासाठी बारा. मग गृहखात्याची तपासणी, आणि मग वाट पाहणे. १९४२च्या चळवळीतून आलेल्या शासनानेही घरातील प्रक्षेपकाकडे संशयानेच पाहिले, ह्यात नवल नाही. ती वस्तू काय करू शकते हे त्याला स्वानुभवाने माहीत होते.

ह्या मंडळींचा संघ चालतो तो तीन गोष्टींवर. पहिली, ठरलेल्या वेळी ठरलेल्या वारंवारतेवर भरणारी बैठक, जिला ते 'नेट' म्हणतात. एक जण सूत्रे धरतो, हजेरी घेतो, एकेकाला बोलावतो. आपल्याकडच्या पारावरच्या बैठकीची शिस्त लावलेली आवृत्ती म्हणा. दुसरी, 'क्यूएसएल' कार्ड: संपर्क झाल्याची पोच देणारे छापील पोस्टकार्ड. त्यावर दिनांक, वेळ, वारंवारता, आवाजाची प्रत आणि शेवटी '७३' हा आकडा, ज्याचा अर्थ शुभेच्छा. तिसरी आणि सर्वांत मोलाची, एकमेकांना शिकवण्याची रीत. परीक्षेचा अभ्यास, मोर्सचा सराव, लष्कराच्या मोडीत निघालेल्या संचाची दुरुस्ती, एरियलची तार किती लांब कापावी ह्याचा हिशेब, हे सारे जुन्याने नव्याला फुकट सांगायचे असते. ह्याला गुरुकुल म्हणण्याचा मोह होतो, पण येथे गुरू रोज बदलतो. ज्याला जे येते तो ते सांगतो.

ही रीत पुढे किती लांब गेली ह्याचे एक उदाहरण देतो. हैदराबादचे अशहर फरहान यांनी २००३-०४च्या सुमारास 'बिट्एक्स' नावाच्या संचाची रचना केली आणि तिचा संपूर्ण आराखडा इंटरनेटवर सर्वांना खुला केला. तिचे वैशिष्ट्य हे की त्यातील सुटे भाग कुठल्याही भारतीय शहरातील रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात मिळावेत. गुंडाळी करायला परदेशी वलये मिळत नाहीत, तर नळाच्या तोटीत घालतात ते नायलॉनचे वॉशर वापरा, असे त्यात सुचवलेले आहे. जगभर लोकांनी हा संच घरी बनवला, सुधारला, सुधारणा परत सांगितल्या. ह्याच फरहान यांनी पुढे हैदराबादेत 'लामकान' हे खुले सांस्कृतिक केंद्र सुरू केले, हे साहित्याच्या वाचकांनी लक्षात घेण्यासारखे आहे. खुला आराखडा आणि खुले अंगण ह्यांमागची वृत्ती एकच.

अमरावती आणि अकोला ह्या दोन गावांतील हौशी बोलणार कसे, हा प्रश्न भूगोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर मनोरंजक आहे. हातात धरायच्या संचाच्या लहरी, म्हणजे दोन मीटरच्या, साधारण सरळ जातात आणि पृथ्वीच्या गोलाईपाशी थांबतात. एरियलची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढून ४.१ ने गुणावे, म्हणजे तिचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. दोन्ही गावांत दहा-दहा मीटर उंचीच्या एरियल असल्या तर बेरीज जेमतेम २६ किलोमीटर होते, आणि दोन गावांतील सरळ अंतर ८० किलोमीटरहून अधिक. म्हणजे थेट बोलणे नाही. परंतु उत्तरेस सातपुड्याच्या कडेवर चिखलदरा आहे, सुमारे ११०० मीटर उंचीवर. खालचे मैदान ३०० मीटरच्या आसपास. आठशे मीटरच्या फरकाला वरचा हिशेब लावला की क्षितिज शंभर किलोमीटरपलीकडे जाते, आणि अमरावती व अकोला दोन्ही तत्त्वतः त्याच्या आत येतात. चिखलदऱ्यास उभा असलेला माणूस दोघांचेही ऐकू शकतो आणि एकाचे दुसऱ्यास सांगू शकतो.

दुसरा मार्ग ४० मीटरच्या पट्ट्याचा, म्हणजे काँग्रेस रेडिओच्याच पट्ट्याचा. ह्या लहरी वर जातात आणि आयनांबरावरून परतून खाली येतात. दिवसा त्या काहीशे किलोमीटरच्या आत उतरतात, त्यामुळे सकाळी अमरावतीचा आवाज अकोल्यास, नागपुरास, पुण्यास मिळतो. रात्री आयनांबर विरळ होते, लहरी लांब जाऊन पडतात. शेजारचे गाव ऐकू येईनासे होते आणि परदेशाचे आवाज येऊ लागतात. म्हणून प्रांतातल्या प्रांतात बोलायच्या बैठका बहुधा सकाळी भरतात. जवळच्यांशी बोलायची वेळ वेगळी आणि दूरच्यांशी बोलायची वेळ वेगळी, हे निसर्गानेच ठरवून दिले आहे.

५

क्षुल्लक बोलण्याचे हे सारे शास्त्र, हे सारे कौशल्य कशासाठी, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर २६ डिसेंबर २००४ रोजी मिळाले. अंदमान-निकोबारमधून हौशी प्रक्षेपणास दीर्घकाळ परवानगी नव्हती. ती मिळवून भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी त्या महिन्यात पोर्ट ब्लेअरला गेले होते. जगातील दुर्मीळ ठिकाणांशी संपर्क साधून त्याची पोच जमवणे हा हौशी मंडळींचा आवडता खेळ, आणि त्या खेळासाठीच ती मोहीम होती. त्या सकाळी भूकंप आणि त्सुनामी आली. दूरध्वनी बंद पडले. खेळण्यासाठी नेलेला संच बेटे आणि मुख्य भूमी यांच्यातला दुवा झाला. कार निकोबारलाही केंद्र नेण्यात आले.

त्या दिवसांत त्या केंद्रांवरून जे बोलले गेले त्याचे स्वरूप पाहावे. अमुक नावाचा माणूस सुखरूप आहे. अमुक कुटुंब अमुक ठिकाणी आहे. घरी कळवा. आपल्या जुन्या पत्रांत मायन्याखाली येणारी क्षेमकुशलाची ओळ ती हीच, जी आपण वाचताना डोळ्यांआड करतो आणि पुढच्या मजकुराकडे वळतो. एरवी बिनमहत्त्वाची असलेली ही ओळ त्या आठवड्यात एकमेव महत्त्वाची बातमी होती. एक दिवस ती बोलता यावी म्हणून इतर सर्व दिवस हवापाण्याच्या गप्पा मारत संच, हात आणि कान तयार ठेवावे लागतात.

गमतीची गोष्ट अशी की बिनमहत्त्वाची ती अट जिनीव्हा येथील परिषदेने ह्याच्या आदल्याच वर्षी, २००३ साली, नियमांतून काढून टाकली. खासगी स्वरूपाचे बोलणे, एवढेच शब्द राहिले. मोर्सच्या परीक्षेची आंतरराष्ट्रीय सक्तीही त्याच वेळी गेली. स्वस्त दूरध्वनी आणि इंटरनेट आल्यावर तारखात्याच्या उत्पन्नाचे रक्षण करण्यात अर्थ उरला नव्हता. दहा वर्षांनी, जुलै २०१३ मध्ये, भारतातील तारसेवाही बंद झाली. जिच्या रक्षणासाठी हौशी माणसाला क्षुल्लक बोलायला लावले होते ती तार गेली. क्षुल्लक बोलणारा मात्र अजून सकाळी सात मेगाहर्ट्झवर हजेरी लावतो.

६

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतो. हे बोलणे कोठे जपले गेले? हौशी माणूस नोंदवही ठेवतो. तीत दिनांक असतो, वेळ असते, समोरच्याचे संकेतनाम, वारंवारता, आवाजाची प्रत. काय बोलणे झाले ते नसते. क्यूएसएल कार्डावरही नसते. ज्यांचा सारा छंद बोलण्याचा, त्यांच्या कागदपत्रांत बोलणेच नाही. नोंदींची लिपीही बहुधा रोमन आणि संज्ञा इंग्रजी, मग तोंडाने मराठी चालले असले तरी. एखादा वऱ्हाडी माणूस नागपूरच्या किंवा पुण्याच्या माणसाशी आपल्या बोलीच्या हेलात, मध्येच 'क्यूटीएच'सारखे संकेत पेरत, वीस-पंचवीस वर्षे सकाळी बोलत राहिला असेल, तर मराठीची ती एक स्वतंत्र छटा झाली. परंतु तिचा नमुना आपल्या कोणत्याही ग्रंथालयात नाही.

ह्या ठिकाणी अमरावती जिल्ह्यातील एका गावाची आठवण होणे अपरिहार्य आहे. रिद्धपूर. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर, शके १२००च्या सुमारास, म्हाइंभटांनी येथे नागदेवाचार्यांच्या सान्निध्यात लीळाचरित्र सिद्ध केले. त्यांनी काय केले? ज्याच्या ज्याच्या आठवणीत स्वामींचे बोलणे होते त्याच्याकडे जाऊन ते मिळवले. त्यांत तत्त्वज्ञान होते, तसेच जेवणाविषयीचे, वाटेविषयीचे, कोणी काय विचारले आणि स्वामी काय म्हणाले अशा नित्याच्या प्रसंगांचेही बोलणे होते. महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे असा भेद त्यांनी केला नाही. पुढे मूळ ग्रंथ खालशाच्या धाडीत गेला, तेव्हा पंथातील मंडळींनी तो आठवणीतून पुन्हा उभा केला. आठवणी जुळल्या नाहीत तेथे 'वासना' म्हणून त्या त्या व्यक्तीच्या नावाने पाठभेद नोंदले. मराठी गद्याचा आरंभ आपण जेथे मानतो तो ग्रंथ असा ऐकलेल्या बोलण्याच्या शोधातून झालेला आहे.

काँग्रेस रेडिओला टिपून घेणारे लाभले ते पोलीस होते. स्वामींना लाभले ते म्हाइंभट. वऱ्हाडातील हौशी मंडळींना अद्याप कोणी लाभलेले नाही, आणि ह्यात घाई करण्याचे कारण उघड आहे. मोर्स कानाने उतरवून घेणारी, मोडीतल्या संचातून प्रक्षेपक उभा करणारी पिढी आता वृद्ध आहे. त्यांच्याकडे जे आहे ते कागदावर नाही. अमरावती आणि अकोला येथे मराठीचे पदव्युत्तर वर्ग आहेत. दरवर्षी तेथे प्रकल्प लिहिले जातात, आणि त्यांतले बरेचसे छापील पुस्तकांवर लिहिलेल्या पुस्तकांवर असतात. त्यांतील एखाद्या विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रक घेऊन आपल्या गावातील अशा एका माणसाकडे बसावे. पहिला संपर्क कोणाशी झाला, काय बोललात, मराठीत की इंग्रजीत, रोज सकाळी ज्यांच्याशी बोलत होतात त्यांना प्रत्यक्ष कधी भेटलात का, असे साधे प्रश्न विचारावेत. आठवणी एकमेकींशी जुळणार नाहीत. तेव्हा दोन्ही लिहाव्यात आणि सांगणाऱ्याचे नाव घालावे. ती रीत आपल्याच जिल्ह्यात सातशे वर्षांपूर्वी घालून दिलेली आहे.

सांगणारा बहुधा म्हणेल, 'तसं विशेष काही बोलायचो नाही आम्ही.' तेच लिहून घ्यायचे आहे.